दीर्घ टाइम-लॅप्स चित्रणात सरकत्या पेशी दृश्यक्षेत्रात कशा टिकवाव्यात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. काचेच्या तळाच्या डिशमध्ये वाढवलेल्या फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतल्या, काचेवर सरकणाऱ्या) पेशींचे सूक्ष्मदर्शकाच्या ६० पट ऑब्जेक्टिव्हने (नमुन्याजवळच्या भिंगाने) सलग २४ तास टाइम-लॅप्स, म्हणजे ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत, चित्रण करायचे आहे. संध्याकाळी मधोमध ठेवलेली पेशी सकाळी चित्रात सापडत नाही, काही वेळा पेशी जागेवर असते पण चित्र धूसर झालेले असते, आणि स्टेज (डिश ठेवण्याचा सरकता मंच) मोटारीवर चालणारे असल्यामुळे पेशीच्या मागोमाग ते हलवणारा प्रोग्रॅम लिहावा का, असे विचारले आहे.

असा प्रोग्रॅम लिहिता येतो आणि त्याची पद्धत पुढे दिली आहे. मात्र माझ्या मते तो सर्वांत शेवटी करण्याचा उपाय आहे. पेशी ‘हरवते’ तेव्हा ती स्वतः चालत गेलेली असू शकते, डिश किंवा स्टेज सरकलेले असू शकते, किंवा फोकसची पातळी बदललेली असू शकते. या तिन्ही गोष्टी सकाळी पाहणाऱ्याला सारख्याच दिसतात, पण त्यांचे उपाय अगदी वेगळे आहेत. सरकणाऱ्या डिशवर पाठलाग करणारा प्रोग्रॅम बसवला, तर तो इमाने इतबारे डिशच्या मागे धावत राहतो आणि ते सरकणे पेशीच्या हालचालीत मिसळून जाते.

म्हणून आधी हे वेगळे करावे. त्याचा सोपा मार्ग म्हणजे फॉर्माल्डिहाइडने स्थिर केलेल्या पेशींची डिश घेऊन, तेच तापमान, तेच माध्यम, तेच ऑब्जेक्टिव्ह आणि तेच वेळापत्रक ठेवून रात्रभर चित्रण करणे. मेलेली पेशी चालत नाही, त्यामुळे या चित्रणात जे काही हलेल ते सर्व यंत्राचे असते. एवढा वेळ देणे शक्य नसेल, तर काचेला चिकटलेले फ्लुरोसंट मणी, तळावरचा ओरखडा किंवा एखादा न हलणारा कचऱ्याचा कण चित्रात राहील अशी जागा निवडावी. पेशी आणि कण एकाच दिशेने एकाच अंतराने सरकले, तर दोष पेशीचा नाही.

यंत्राच्या सरकण्यामागे बहुधा तापमान असते. ॲल्युमिनियमची १ मीटर लांबी तापमान १ अंश सेल्सिअसने वाढल्यावर सुमारे २३ मायक्रोमीटरने वाढते. सूक्ष्मदर्शकाच्या सांगाड्यातला १० सेंटिमीटरचा भाग धरला, तरी एका अंशाला २ मायक्रोमीटरपेक्षा जास्त फरक पडतो. १.४ न्यूमरिकल ॲपर्चरच्या (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते याचे माप) तेलाच्या, म्हणजे काच आणि भिंग यांमध्ये तेलाचा थर लागणाऱ्या, ऑब्जेक्टिव्हची फोकसची खोली मात्र जेमतेम अर्धा मायक्रोमीटर असते. खोलीतले वातानुकूलन यंत्र चालू-बंद होत असताना चित्र ठरावीक अंतराने धूसर होत असेल, तर कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. संपूर्ण सूक्ष्मदर्शक बंदिस्त करणारी पेटी असेल, तर ती आदल्या रात्रीच ३७ अंशांवर आणून ठेवावी. फक्त स्टेजवरचा छोटा इन्क्युबेटर असेल, तर तेलाच्या ऑब्जेक्टिव्हलाही तापवणारा पट्टा हवा, कारण तेलातून उष्णता सतत ऑब्जेक्टिव्हकडे वाहून जाते आणि नेमकी पाहिली जाणारी पेशीच आजूबाजूच्या पेशींपेक्षा थंड राहते. फायब्रोब्लास्टचा वेग तापमानावर अवलंबून असल्याने ही बाब फोकसपुरती मर्यादित राहत नाही. डिश बसवल्यानंतर निदान एक-दोन तास काहीही नोंदवू नये. त्या वेळात जागा निवडाव्यात, पण पहिले चित्र घेण्याआधी प्रत्येक जागेचा फोकस पुन्हा तपासावा.

निकॉनची परफेक्ट फोकस सिस्टीम, झाइसचा डेफिनिट फोकस आणि त्यांच्यासारख्या इतर व्यवस्था अवरक्त प्रकाश काचेच्या पृष्ठभागावरून परावर्तित करून ऑब्जेक्टिव्ह आणि काच यांतले अंतर कायम ठेवतात. त्या वापराव्यातच, पण त्या पेशीकडे पाहत नाहीत, काचेकडे पाहतात, हे विसरू नये. काचेवर पसरलेल्या पेशीसाठी हे पुरेसे आहे. विभाजनापूर्वी पेशी गोल होऊन तिचा मध्य कित्येक मायक्रोमीटर वर जातो, किंवा पेशी कोलॅजनच्या जेलमध्ये असते, तेव्हा काचेपासूनचे अंतर अचूक राहूनही पेशी फोकसबाहेर जाते. अशा वेळी थोड्या पातळ्यांचा झेड-संच, म्हणजे वेगवेगळ्या उंचीवर फोकस करून घेतलेली चित्रे, घ्यावा लागतो. तळ ०.१७ मिलिमीटर जाडीच्या काचेचा असावा. प्लॅस्टिकचा तळ वाकडा असतो आणि या व्यवस्था त्यावर अनेकदा गोंधळतात.

डिश स्टेजच्या खाचेत सैल बसत असेल, तर ती स्प्रिंगच्या पकडीने घट्ट करावी. वायूच्या नळ्या आणि हीटरच्या तारा स्टेजला ओढत नाहीत ना, हे स्टेज पूर्ण मर्यादेपर्यंत फिरवून पाहावे. तेलाचा थर जाड असेल तर तो स्टेज हलताना काचेला ओढतो, कमी असेल तर दूरच्या जागांवर जाताना तुटतो. अनेक जागांच्या दीर्घ चित्रणात कोरडे ऑब्जेक्टिव्ह वापरण्याचे हे एक व्यावहारिक कारण आहे. पाण्याच्या ऑब्जेक्टिव्हचे पाणी ३७ अंशांवर काही तासांत उडून जाते, त्यामुळे रात्रभरासाठी न उडणारे, तितक्याच अपवर्तनांकाचे द्रव वापरावे.

एवढे झाल्यावर उरते ती पेशीची स्वतःची चाल, आणि इथे कागद-पेन्सिल घेऊन बसणे फायद्याचे ठरते. २०४८ × २०४८ पिक्सेलच्या, ६.५ मायक्रोमीटर पिक्सेलच्या कॅमेऱ्याला ६० पट ऑब्जेक्टिव्हने सुमारे २२२ मायक्रोमीटर बाजूचा चौरस दिसतो, २० पटाने सुमारे ६६५ मायक्रोमीटरचा. मध्यावरच्या पेशीला बाहेर पडण्यासाठी अनुक्रमे १११ आणि ३३३ मायक्रोमीटर अंतर कापावे लागते. समजा पेशीचा वेग तासाला ३० मायक्रोमीटर आहे. ती सरळ रेषेत चालली, तर २४ तासांत ७२० मायक्रोमीटर जाईल आणि २० पटाच्या चित्रातूनही निघून जाईल. पण पेशी सरळ चालत नाही. ती काही वेळ एका दिशेने जाते आणि मग वळते. दिशा टिकण्याचा हा काळ एक तास धरला, तर सातत्य असलेल्या यादृच्छिक चालीच्या सूत्राप्रमाणे विस्थापनाच्या वर्गाची सरासरी म्हणजे वेगाचा वर्ग, दिशा टिकण्याचा काळ आणि एकूण काळातून तो काळ वजा करून उरलेली वेळ यांच्या गुणाकाराची दुप्पट. म्हणजे २ × ९०० × १ × २३, अर्थात ४१,४०० चौरस मायक्रोमीटर. वर्गमूळ सुमारे २०३ मायक्रोमीटर.

याचा अर्थ असा की चोवीस तासांच्या शेवटी मध्यापासून १११ मायक्रोमीटरच्या वर्तुळात साधारण चौथा हिस्साच पेशी असतील, तर ३३३ मायक्रोमीटरच्या वर्तुळात दहापैकी नऊपेक्षा जास्त असतील. तुमच्या पेशी ६० पटाच्या चित्रातून नाहीशा होतात यात नवल काहीच नाही, त्या तशा व्हायलाच हव्यात. आणि २० पटावर गेल्यास बहुतांश प्रश्न एका झटक्यात सुटतो. तुमच्या पेशींचा वेग आणि दिशा टिकण्याचा काळ माहीत नसेल, तर १० पटाने एक रात्र चित्रण करून ते आधी मोजावेत.

यावर नेहमीचा आक्षेप असतो तो बारकाव्यांचा. ०.७५ न्यूमरिकल ॲपर्चरच्या २० पट ऑब्जेक्टिव्हने हिरव्या प्रकाशात सुमारे ०.४ मायक्रोमीटरपर्यंत वेगळेपण दिसते, १.४ च्या ऑब्जेक्टिव्हने सुमारे ०.२३. वेग, दिशा, विभाजनाची वेळ, केंद्रकातल्या एखाद्या प्रथिनाची एकूण पातळी एवढेच मोजायचे असेल, तर पहिले पुरेसे आहे. काचेला धरून ठेवणारे सूक्ष्म जोड किंवा मायटोकॉन्ड्रियाचे जाळे पाहायचे असेल, तर नाही. प्रश्नाला खरोखर किती बारकावा लागतो हे ठरवण्याआधीच पुष्कळ जण ६० पट निवडून बसतात, असे मला वाटते.

मोठे वर्धन अपरिहार्यच असेल, तर शेजारच्या नऊ जागांचे ३ × ३ तुकडे १० टक्के आच्छादन ठेवून घ्यावेत. ६० पटावर त्यातून सुमारे ६२० मायक्रोमीटरचा चौरस मिळतो, म्हणजे जवळजवळ २० पटाच्या एका चित्राएवढा. इथे एक गोष्ट सहसा निसटते. प्रकाशाचे वर्तुळ कॅमेऱ्याच्या चौरसापेक्षा मोठे असेल, तर एक तुकडा टिपताना शेजारच्या तुकड्यांतल्या पेशींवरही प्रकाश पडतो आणि त्यांना मिळणारी प्रकाशाची मात्रा नकळत वाढते. प्रकाशमार्गातली झडप कॅमेऱ्याच्या क्षेत्राइतकी आवळावी. वेळेचा हिशेबही करावा: दर ५ मिनिटांनी ४० जागा टिपायच्या तर एका जागेला ७.५ सेकंद मिळतात, आणि त्यातच स्टेजची हालचाल, फोकस स्थिरावणे आणि सर्व चॅनेल (वेगवेगळ्या रंगांची चित्रे) बसवावे लागतात. अशा ४० जागा, २ चॅनेल आणि २४ तास यांतून १९० गिगाबाइटपेक्षा जास्त माहिती तयार होते. डिस्क भरल्यामुळे किंवा संगणक मध्यरात्री आपोआप अद्ययावत होऊन पुन्हा सुरू झाल्यामुळे थांबलेली चित्रणे पेशींच्या पळण्याने वाया गेलेल्या चित्रणांपेक्षा कमी नसतात.

दुसरा मार्ग पेशीलाच मर्यादेत ठेवण्याचा. पेशी ज्याला चिकटतात त्या फायब्रोनेक्टिन प्रथिनाच्या अरुंद पट्ट्यांवर पेशी पट्टीच्या दिशेनेच चालते, त्यामुळे दृश्यक्षेत्र लांबट ठेवून भागते. छोट्या खळग्यांत ती खळग्यापलीकडे जाऊ शकत नाही. काचेला न चिकटणाऱ्या रक्ताच्या मूळ पेशींसाठी तळावर सीडी४३ किंवा सीडी४४ या पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांविरोधी प्रतिपिंडांचा लेप देऊन त्यांना एका जागी धरून ठेवण्याची पद्धत वापरली जाते. बॅक्टेरियांसाठी २०१० मध्ये मांडलेल्या ‘मदर मशीन’ या सूक्ष्म नलिकांच्या रचनेत तळाशी अडकलेली पेशी शेकडो पिढ्या त्याच जागी विभागत राहते. मात्र प्रश्नच स्थलांतराचा असेल, तर पेशीला बांधून ठेवून तिच्या चालीबद्दल काही सांगता येत नाही, आणि पट्टीवरची चाल ही मोकळ्या काचेवरची चाल नव्हे, हे लिहिताना स्पष्ट करावे.

न चिकटणाऱ्या पेशींबाबत आणखी एक अडचण स्टेजच्या झटक्यांची आहे. पाण्याने भरलेले ताट हातात घेऊन झपकन वळावे तसे माध्यम डिशमध्ये हिंदकळते आणि पेशी वाहून जातात. स्टेजचा वेग कमी करण्यापेक्षा त्याचे त्वरण कमी करणे जास्त उपयोगी पडते. जागांचा क्रमही असा लावावा की लांब उड्या कमीत कमी पडतील.

आता प्रत्यक्ष पाठलाग. ही कल्पना जुनी आहे. हॉवर्ड बर्ग यांनी १९७१ मध्ये पोहणाऱ्या एकेका बॅक्टेरियाचा तीन मितींत पाठलाग करणारा सूक्ष्मदर्शक मांडला, आणि त्यातूनच ई. कोलाय या बॅक्टेरियाच्या सरळ धावण्याचे आणि मध्येच गडबडून दिशा बदलण्याचे वर्तन मोजता आले. सेकंदाला वीस-तीस मायक्रोमीटर पोहणाऱ्या जिवासाठी स्टेजला अखंड प्रतिसाद द्यावा लागतो. मिनिटाला १० ते २० मायक्रोमीटर सरकणारी न्यूट्रोफिल ही पांढरी रक्तपेशी ६० पटाच्या चित्राच्या मध्यापासून कडेला पाच-दहा मिनिटांत पोहोचू शकते. तिथे प्रत्येक फ्रेमला दुरुस्ती हवी. तुमचा फायब्रोब्लास्ट मात्र ५ मिनिटांत अडीच मायक्रोमीटर सरकतो. अर्ध्या तासातून एकदा स्टेज हलवले तरी पुरते. या हिशेबामुळे प्रोग्रॅम बराच साधा होतो, आणि साधा प्रोग्रॅम रात्री कमी बिघडतो.

मायक्रो-मॅनेजरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून स्टेज आणि कॅमेरा दोन्ही चालवता येतात. पेशी ओळखण्यासाठी संपूर्ण पेशीच्या आकारापेक्षा केंद्रकावर विसंबावे, कारण पेशीचा पुढचा पडदा पसरला किंवा शेपटी आखडली की आकाराचा मध्य उडी मारतो, केंद्रक मात्र तुलनेने सुरळीत सरकते. केंद्रक वेगळे करायला स्टारडिस्ट किंवा सेलपोज ही पेशी ओळखणारी सॉफ्टवेअर पुरेशी आहेत. पेशी विरळ असतील तर साधी उंबरठ्याची पद्धतही (ठरावीक उजळपणापेक्षा जास्त उजळ पिक्सेल निवडण्याची) चालते. त्यासाठीचे चित्र वेगळे घ्यावे: लाल रंगाची खूण, अगदी कमी एक्स्पोजर, पिक्सेल एकत्र करून. ते सुंदर दिसण्याची गरज नाही. होक्स्टसारख्या केंद्रक रंगवणाऱ्या रंगाला अतिनील किंवा जांभळा प्रकाश लागतो आणि डीएनएला बांधलेला रंग अशा प्रकाशात डीएनएची हानी घडवतो, म्हणून दीर्घ पाठलागासाठी तो टाळावा. एच२बी या हिस्टोनला (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्यांपैकी एका प्रथिनाला) जोडलेले लाल चमकणारे प्रथिन अधिक सुरक्षित आहे. पाठलागामुळे प्रकाशाची एकूण मात्रा किती वाढली हे पाहण्यासाठी त्याच डिशमध्ये प्रकाश न मिळालेल्या भागातल्या पेशींची विभाजने शेवटी मोजून तुलना करावी.

स्टेज आणि कॅमेरा यांचा मेळ घालणे हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. एखादा मणी पाहून स्टेज एका अक्षावर ५० मायक्रोमीटर हलवावे, मग दुसऱ्या अक्षावर, आणि चित्रात तो किती पिक्सेल कोणत्या दिशेने गेला यावरून २ × २ चे कोष्टक तयार करावे. कॅमेरा स्टेजच्या अक्षाशी २ अंशांनी तिरपा असेल, तर १०० मायक्रोमीटरच्या हालचालीत साडेतीन मायक्रोमीटरची बाजूची चूक येते, जी चालून जाते. एखाद्या अक्षाचे चिन्ह उलटे पडले असेल, तर मात्र प्रत्येक दुरुस्तीला पेशी मध्यापासून दुप्पट लांब फेकली जाते आणि दोन-तीन फेऱ्यांत प्रयोग संपतो. ऑब्जेक्टिव्ह बदलल्यावर आणि कॅमेरा काढून पुन्हा बसवल्यावर हे मोजमाप नव्याने करावे.

पेशी जरा सरकली की स्टेज हलवू नये. चित्राच्या मधल्या एक तृतीयांश भागात ती असेपर्यंत स्टेज स्थिर ठेवावे आणि बाहेर पडल्यावरच तिला मध्यावर आणावे. त्यामुळे हालचाली मोजक्या होतात आणि मोटारीच्या दातऱ्यांतल्या ढिलाईची चूक वारंवार मिसळत नाही. प्रत्येक हालचाल एकाच बाजूने येऊन संपवली, तर ही ढिलाई आणखी कमी होते. एका फेरीत पेशी जास्तीत जास्त किती सरकू शकते याची मर्यादा प्रोग्रॅमला द्यावी. त्यापलीकडे काही सापडले, तर ती शेजारची पेशी आहे असे धरून स्टेज जागेवरच ठेवावे. दोन फ्रेममधले विस्थापन शेजारच्या पेशीच्या अंतराच्या निम्म्याहून कमी राहील इतके कमी अंतर फ्रेममध्ये आणि इतकी विरळ पेरणी डिशमध्ये ठेवल्यास ओळखीची अदलाबदल क्वचितच होते. पेशी सापडलीच नाही, तर अंदाजाने पुढे जाण्याऐवजी शेवटच्या ज्ञात जागेभोवती एकदा ३ × ३ तुकडे घेऊन शोध घ्यावा.

विभाजनाचा नियम आधीच ठरवलेला असावा. केंद्रकाचे क्षेत्र घटून ते एकदम उजळले, म्हणजे गुणसूत्रे आकसली, की स्टेजची हालचाल थांबवावी. दोन कन्यापेशी दिसल्यावर दोन्ही चित्रात मावतात तोवर त्यांच्या मधल्या बिंदूला मध्य मानावे, आणि नंतर कोणती धरायची हे नाणेफेकीने ठरवावे. मोठी किंवा जास्त चमकणारी कन्यापेशी निवडणारा नियम सोयीचा असतो, पण तो पिढ्यानपिढ्या एकाच प्रकारच्या पेशींकडे झुकत जातो.

प्रत्येक फ्रेमसोबत स्टेजचे निर्देशांक आणि घड्याळातली खरी वेळ साठवणे सक्तीचे समजावे. पेशी सतत मध्यावर ठेवलेल्या चित्रफितीत तिचा वेग शून्य दिसतो. खरी जागा म्हणजे स्टेजची जागा आणि त्या मेळाच्या कोष्टकातून मायक्रोमीटरमध्ये आणलेले मध्यापासूनचे विस्थापन यांची बेरीज. त्यातून काचेला चिकटलेल्या मण्यांचे सरकणे वजा करावे. मगच तो मार्ग फिजी या चित्रविश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधल्या ट्रॅकमेट या पेशींचे मार्ग काढणाऱ्या साधनाच्या मार्गांशेजारी ठेवण्याजोगा होतो.

विश्लेषणात एक धोका या सर्व उपायांनंतरही उरतो. चित्रातून बाहेर गेलेल्या पेशी वगळून उरलेल्यांची सरासरी काढली, तर ती सरासरी मंद पेशींच्या बाजूने झुकते, कारण वेगवान आणि सरळ चालणाऱ्या पेशीच आधी बाहेर पडतात. एखाद्या औषधाने पेशींचा वेग वाढत असेल, तर उपचार केलेल्या गटातून जास्त पेशी गळतील आणि औषधाचा परिणाम खऱ्यापेक्षा कमी दिसेल. म्हणून केवळ पूर्ण २४ तास टिकलेले मार्ग निवडू नयेत. सर्व पेशींचे पहिल्या काही तासांचे सारख्या लांबीचे तुकडे घेऊन वेग मोजावा, कडेजवळ सुरू झालेल्या पेशी दोन्ही गटांत सारख्याच नियमाने वगळाव्यात, आणि प्रत्येक गटात किती पेशी कोणत्या तासाला आणि कशामुळे सुटल्या, म्हणजे कडेबाहेर गेल्यामुळे, फोकस गेल्यामुळे, मेल्यामुळे की ओळख चुकल्यामुळे, हे वेगाच्या आकड्यांसोबत द्यावे. विभाजनापर्यंतचा काळ मोजत असाल, तर कडेबाहेर गेलेल्या पेशी ‘त्या तासापर्यंत विभागल्या नव्हत्या’ अशा नोंदीने कॅप्लान-मायर आलेखात (एखादी घटना अजून न घडलेल्यांचे प्रमाण काळानुसार दाखवणाऱ्या आलेखात) धरता येतात, फक्त बाहेर जाण्याचा आणि विभागण्याचा परस्परसंबंध नाही, हे आधी तपासून घ्यावे लागते.